न उघडलेली लिंक

"म्हणजे शैला सिस्टरनीच नंबर उडवले, असं तू लिहून देतोस?"

"मी नाही, सर. सर्व्हरची नोंद सांगतेय."

शार्दूलने लॅपटॉप त्याला प्रोग्रॅमिंग शिकवलेल्या दस्तगीर सरांकडे वळवला. ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिसचे नंबर लावायचं ॲप त्याने एकट्याने चार दिवसांत उभं केलं होतं. फ्रेमवर्क हलकंफुलकं, सगळा कोड मिळून दोनशे ओळी. पोरगा हुशार होता, आणि हे त्याला जरा लवकरच कळलं होतं.

आठवड्याभरात अकरा पेशंटचे नंबर गायब झाले होते. काल एक म्हातारा सत्तर किलोमीटरवरून आला, यादीत नाव नाही म्हणून परत निघाला आणि वाटेतच त्याला धाप लागली. आता तो अतिदक्षता विभागात होता.

चार वाजता ट्रस्टची बैठक होती. शार्दूलचं नाव सरांनीच सुचवलेलं, म्हणून ट्रस्टला अहवालावर सही त्यांचीच हवी होती. सही झाली की नंबर लावणाऱ्या शैला सिस्टरची नोकरी जाणार, हे ठरल्यासारखंच होतं.

सव्वातीन वाजले होते.

"अकराही वेळा नंबर त्यांच्याच फोनवरून रद्द झालाय, सर. हे बघा."

"त्या काय म्हणतात?"

"म्हणतात, मी लिंक नुसती पाठवली, उघडली नाही." शार्दूल हसला. "असं तर सगळेच म्हणतात."

"बावीस वर्षं आहेत त्या तिथं."

"म्हणूनच. वय झालं की बोट चुकतं."

सरांनी पेन उचललं नाही...

"कसली लिंक?"

"यायला जमत नसेल तर नंबर सोडायची. यायचं नक्की नसलं की पेशंट मागून ठेवतात, सिस्टर पाठवतात. लिंक उघडली की नंबर रद्द. बटण नाही, 'नक्की का?' नाही. सगळ्यात सुटसुटीत काम तेच झालंय."

"माझा नंबर लाव. आणि ती लिंक मला दे."

"आत्ता? सर, बैठक..."

"लाव."

त्याने लावला. यादीत शेवटी नाव आलं. दस्तगीर मुलाणी, उद्या सकाळी आठ.

"आता दोन्ही हात टेबलावर ठेव."

शार्दूलला राग आला होता. तरी त्याने हात ठेवले.

सरांनी स्वतःच्या फोनवर त्याच्यासाठी एक निरोप लिहायला घेतला. त्यात लॅपटॉपवरची लिंक बघून टाइप केली आणि निरोप न पाठवताच फोन खाली ठेवला. लिंकच्या वर दवाखान्याचं नाव आणि छोटंसं चित्र आपोआप उमटलं.

"यादी बघ."

शार्दूलने पान पुन्हा उघडलं.

शेवटचं नाव गेलं होतं.

"कुणी उघडली लिंक?"

"कुणीच नाही..." त्याचा आवाज खाली गेला. "फोननं. चित्र दाखवायला तो आधी स्वतःच पान उघडून बघतो."

"नोंद कुणाच्या नावावर पडली?"

"तुमच्या."

"मग मलाही काढा."

शार्दूलची मान वर होईना. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा त्या म्हाताऱ्याचं काय होईल याची भीती जास्त. टेबलावर त्याचा फोन वाजू लागला. ट्रस्टच्या सेक्रेटरींचा होता. त्याने उचलला नाही.

आधी त्याने ती लिंक बंद केली. घाईत दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमलं.

"नुसतं पान बघितल्यानं काही पुसलं जाता कामा नये. पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतंत तुम्ही."



फोन परत वाजला. शार्दूलने अहवाल उघडला आणि शैला सिस्टरचं नाव खोडलं. मग कर्सर त्या मोकळ्या जागेवर नेला.

"इथं 'तांत्रिक बिघाड' लिहितो, सर. म्हणजे कुणावरच काही येणार नाही."

सरांनी पेन उचललं, टोपण काढलं, अहवाल पुढे ओढला. मग टोपण परत लावलं.

"त्या बाईंचं नाव होतं तोवर माणूस चुकला होता, शार्दूल. आता यंत्र चुकलं?"