शंभर निरांजनं आणि एक भट्टी

फार फार वर्षांपूर्वी एका नदीकाठी शंभर उंबऱ्यांचं गाव होतं. गावाची एक रीत होती आणि गावाला तिचा भारी अभिमान होता. गावासाठी कुणी काही चांगलं केलं, की दिवेलागणीला घराघरातली बाई निरांजन घेऊन त्याच्या दारी जायची आणि त्याला ओवाळायची. शेवटचं निरांजन होईपर्यंत त्याने पाटावरून उठायचं नाही.

एका वर्षी गावात तापाची साथ आली. टेकाडावरच्या धर्मशाळेत आजाऱ्यांच्या खाटा पडल्या. सगळ्यांचं करायला वैद्यबाई एकटी. काढे ती उकळायची, कपाळावर पट्ट्या ती ठेवायची, दारोदार फिरून कुणाला ताप आहे हे विचारायचीही तीच. गावाला तिचं फार कौतुक वाटलं. मग काय, रोज संध्याकाळी धर्मशाळेच्या पायरीवर शंभर निरांजनं.

येसू परटीण रांगेत सगळ्यांत पुढे असायची. तिचा नवरा आत खाटेवर होता आणि त्याच्याशिवाय तिला कुणी नव्हतं. साथीत कपडे धुवायला कोण देणार, म्हणून घाटावरची तिची भट्टी थंड पडली होती. ती आपली दुपारभर चिंचेने निरांजन घासत बसायची. ते जितकं लखलखेल तितका नवरा लवकर उठेल, असं तिला मनापासून वाटायचं.

नवव्या दिवशी वैद्यबाईला कुंकू लावताना येसूचं बोट थबकलं. वैद्यबाई बसल्या जागी झोपली होती. तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला. चुलीवरचा काढा आटून भांड्याला लागला होता. त्यातला एक पेला येसूच्या नवऱ्याचा होता. दारातून तिने पाहिलं, तर तो तापात बरळत होता. कपाळावरची पट्टी वाळून गेली होती आणि कोपऱ्यात मळक्या पट्ट्यांचा ढीग पडला होता.

येसूला राग आला तो स्वतःचाच. निरांजन खाली ठेवून तिने विचारलं, "वैद्यबाई, तुम्हाला काय हवंय?"

नऊ दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. वैद्यबाई म्हणाली, "उकळलेलं पाणी, स्वच्छ फडकी आणि घडीभर झोप. आणि बायांनो, अशी दाटी करू नका. कालच्या रांगेतल्या तिघी आज आत खाटेवर आहेत."

येसू तडक घाटावर गेली आणि तिने भट्टी पेटवली. पट्ट्या उकळून, वाळवून तिने धर्मशाळेच्या कुंपणापाशी ठेवल्या आणि लांब सरून हाक दिली. दुसऱ्या दिवशी कुणी पेज ठेवली, कुणी सरपण. ताप उतरलेल्या दोघी काढा ढवळायला थांबल्या. वैद्यबाई दुपारी झोपली.

पाटलांचं मात्र बिनसलं. ओवाळणं बंद केलं तर गाव कृतघ्न ठरेल, असं त्यांचं म्हणणं.

"पाटील, रीत मोडायची नाही," येसू म्हणाली. "निरांजन आपापल्या दारात लावू. ज्या घरातलं कुणी आजारी, त्या घराने लावायचं नाही. कुठे जायचं ते वैद्यबाईंना टेकाडावरूनच कळेल."

त्या संध्याकाळी तिने स्वतःचं निरांजन लावलं नाही. अंधाऱ्या उंबऱ्यावर बसून ती रडली.

त्यानंतर पाचव्या दिवशी पाटलांच्या नातीला ताप चढला. पाटलाच्या दारात अंधार दिसला तर लोक काय म्हणतील, म्हणून त्यांनी वात लावली. मग नातीकडे पाहिलं आणि आपल्याच हाताने वात विझवली. घटकाभरात वैद्यबाई दारात हजर झाली, झोप झालेली, तरतरीत. पोर वाचली.

हळूहळू एकेका दारात उजेड परतला. एका संध्याकाळी वैद्यबाईने टेकाडावरून दिवे मोजले. नव्याण्णव भरले. ती तशीच उभी राहिली. काठी टेकत एक माणूस नुकताच टेकाड उतरून गेला होता.

थोड्या वेळाने परटाच्या दारात शंभरावं निरांजन लागलं.

आपल्यासाठी जो राबतो त्याला ओवाळण्याआधी, त्याला काय हवं ते विचारावं.