लुगोव्काच्या तळ्यातले मासे

"लुगोव्का गावाने आठवड्याच्या आत दहा पिंपं खारवलेले मासे कचेरीत जमा करावेत. नाही केले, तर गावातली सगळी गुरं जप्त!"

जिल्ह्याचे साहेब पोर्फिरी लुकिच यांनी घोडागाडीत बसूनच हुकूम वाचला आणि मिशीवरून हात फिरवला. गावकरी एकमेकांची तोंडं बघायला लागले. मासे? अहो, लुगोव्काला नदी नाही, तळं नाही, बेडूक बसेल एवढं डबकंसुद्धा नाही! होतं ते एक लांबरुंद कुरण. रशियाच्या त्या कोपऱ्यात अर्धं वर्ष बर्फ. उन्हाळ्यात कापलेलं गवत गाईंनी खायचं आणि गाईंच्या दुधावर गावाने हिवाळा काढायचा. गाई गेल्या तर पोराबाळांच्या तोंडात घालायचं काय?

म्हातारा तेरेंती टोपी हातात घेऊन पुढे झाला.

"सरकार, आमच्याकडे तळं कुठंय?"

"नकाशात!" साहेबांनी नकाशा फडफडवला. "हे बघ. गावाला लागून एवढं मोठं निळं तळं! इतकी वर्षं फुकट मासे खाताय, लाज नाही वाटत?"

आता हे तळं नकाशात आलं कसं, तेही ऐका. फार वर्षांपूर्वी एक मोजणीदार आला होता. बर्फ वितळायचा हंगाम, कुरणात चार दिवस पाणी साचलेलं. या शहाण्याने गाडीतून पायसुद्धा खाली टाकला नाही. बूट ओले झाले असते ना! त्याने लांबूनच पाणी बघितलं, निळा रंग फासला आणि निघून गेला. पाणी ओसरलं, पण रंग कोण ओसरवणार? नकाशा राजधानीत छापला गेला, त्यावर शिक्का बसला. पुढे प्रत्येक साहेबाने तो खुर्चीमागे टांगला आणि त्याखाली डुलक्या काढल्या. हे पोर्फिरी लुकिच तर जिल्हा बघायला पहिल्यांदाच बाहेर पडले होते.

"पण सरकार," तेरेंती कळवळून म्हणाला, "समोर बघा ना! नुसतं गवत आहे!"

"नकाशावर राजधानीचा शिक्का आहे. तुझ्या गवतावर आहे?"

तेरेंतीने कपाळावर हात मारला. तेवढ्यात तेरेंतीची लेक ग्लाफिरा दुधाची बादली खाली ठेवून पुढे आली. झोर्का ही तिची लाडकी गाय. जप्तीचं ऐकून पोरीचं डोकं भणाणलं होतं.

"बाबा, सरकारांशी वाद घालू नका. तळं आहे!" ती म्हणाली. "आहे हो सरकार! चांगलं खोल आहे."

"अगं पोरी, वेड लागलं का तुला?" तेरेंती ओरडला.

"बघा! या मुलीला अक्कल आहे!" साहेब खूश झाले. "चला, हाका गाडी! आज माझा वाढदिवस आहे. घरी सफरचंदं भरून बदक भाजलंय."

गाडीवानाने चाबूक उचलला. साहेब दुसऱ्या बाजूची गावं फिरत आले होते, पण शहराचा रस्ता कुरणातूनच जात होता. ग्लाफिरा धावली आणि तिने लगामच धरला.

"अहो थांबा! सरकारांना बुडवताय का?"

"सोड लगाम!" साहेब खेकसले. "समोर रस्ता दिसतोय की!"

"दिसतोय हो. पण नकाशात आहे का?"

साहेबांनी नकाशा उघडला. रस्ता कुठला? सगळं निळंच.

"जंगलातून वळसा घ्या," ग्लाफिरा गोड आवाजात म्हणाली. "मध्ये दलदल आहे, डासही आहेत. पण परवापर्यंत पोचाल."

परवा! तोवर बदकाचं हाडूक तरी उरेल का? पण साहेब पडले हट्टी. नकाशा चुकला म्हणतील तर साहेब कसले!

"नाव आणा!" ते गरजले.

गावात नाव असणार कुठून? शेवटी गुरांना पाणी पाजायची लाकडी डोण आणून कुरणात ठेवली. जिल्ह्याचे मालक छातीवरच्या पदकांसकट तीत बसले. वल्ही म्हणून गवत ओढायची दोन दाताळी दिली.

"ओढा रे मला!"

"छे! पोहता कोणाला येतंय सरकार? बुडतील बिचारे," ग्लाफिरा म्हणाली.

मग काय! साहेब स्वतःच वल्हवू लागले. गवत उपटलं, घामाने मिशी भिजली, पण डोण तसूभर हलेल तर शपथ! गाव रुमालाआड, टोपीआड खुदखुदत होतं. एवढ्यात झोर्का डुलत डुलत आली आणि तिने साहेबांचं टक्कल खालपासून वरपर्यंत चाटलं.

"ही गाय हाकला!" साहेब किंचाळले.

"गाय?" ग्लाफिराने डोळे विस्फारले. "एवढ्या खोल तळ्यात गाय कशी येईल, सरकार? नीट बघा, मासाच असेल. खारवू का?"

साहेबांनी झोर्काकडे बघितलं, हातातल्या दाताळ्याकडे बघितलं, नकाशाकडे बघितलं. आणि पोट धरून हसत सुटले!

"हरलो, पोरी! माशांचा हुकूम रद्द. एकही गाय जाणार नाही. पण तळं काही मला पुसता येत नाही, राजधानीचा शिक्का आहे. तेव्हा आजपासून तू या तळ्याची अधिकारी! पगार माझ्या कचेरीतून. काम एकच. दर साली मासे किती मिळाले ते कळवायचं."

"यंदाचं आत्ताच सांगते," ग्लाफिरा म्हणाली. "एकच लागला होता, चांगला जाडजूड, मिशीवाला. पण हसला, म्हणून सोडून दिला!"

साहेब इतके हसले, इतके हसले, की डोण कलंडली आणि जिल्ह्याचे मालक भर तळ्यात गवतावर लोळायला लागले.