डेन्मार्कच्या खुर्चीचा सांधा

“मग सांगा की, वस्तू चांगली हाय का न्हाई?”

बाबालाल मेस्त्रींनी दुसऱ्यांदा विचारलं.

निरंजन भाटवडेकर खुर्ची उलटी करून तिच्यापुढे उकिडवा बसला होता. उत्तर द्यायची त्याला घाई नव्हती.

आजऱ्याहून आंबोलीकडे जाताना रस्त्याला लागून मेस्त्रींचं जुन्या सामानाचं दुकान आहे. पत्र्याची शेड. आत पलंग, हंडे, बंद पडलेली घड्याळं, कुठल्याशा दवाखान्यातली कपाटं. निरंजन पुण्याहून आला होता तो त्यातल्या कशासाठीच नाही. डेन्मार्कचं जुनं फर्निचर हा त्याचा विषय. तो ते विकायचा, त्यावर व्याख्यानं द्यायचा. खुर्चीच्या नुसत्या पायाच्या उतारावरून हा माणूस साल सांगतो, असं लोक म्हणत. तोही म्हणत असे.

खुर्ची सागवानी होती. पिळलेल्या कागदी दोरीची विणलेली बैठक. तिचा हात मागच्या पायाला मिळत होता तिथे दोन लाकडं एकमेकांत अशी शिरली होती, की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळू नये. बैठकीखाली, धुळीच्या थराआड, करणाऱ्याचा डागलेला शिक्का.

अशी खुर्ची त्याने आजवर एकदाच पाहिली होती, तीही संग्रहालयात, दोरीपलीकडून.

पण खरेदीची त्याची एक रीत होती. आवडलेल्या वस्तूला आधी नावं ठेवायची.

“नक्कल आहे, चाचा,” तो हात झटकत उठला. “अशा खूप निघाल्या होत्या.”

मेस्त्रींनी जवळ येऊन खुर्ची सरळ केली.

“दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात डेन्मार्कचा साहेब आलता. त्यांच्या बंगल्याची दारं मी बसवली. जाताना बाईंनी ही मला दिली. मी चोवीस वर्षांचा होतो तवा.”

“त्यांनाही कुणीतरी फसवलं असेल.”

“असंल...”

मेस्त्रींनी खुर्चीच्या हाताच्या सांध्यावर अंगठा ठेवला.

“आणि हे? हे काम कसं हाय? खरं सांगा. हा सांधा उलगडायला मला दोन वर्षं लागली. शिकवणारं कोण न्हवतं. हिलाच विचारायचो. पुढं जन्मभर ह्याच सांध्यावर पोट भरलं.”

खरं सांगायला एवढी चांगली वेळ निरंजनला पुन्हा मिळणार नव्हती. ते त्याला त्या क्षणीही कळलं.

“खोट सांध्यातच आहे,” तो म्हणाला. “दिसायला सुंदर. पण रोजचं वजन पडलं की आतून चिरत जातो. बाहेरून कळत नाही.”

मेस्त्रींचा अंगठा सांध्यावरून निघाला.

...

मेस्त्रींनी खुंटीवरची टोपी घेतली.

“घेऊन जावा.”

“किती द्यायचे?”

“काय नको. जुना माल विकतो मी, मोडका विकतो. खोटा विकत न्हाई.”

“तुम्ही कुठे निघालात?”

“अकरा जणांना शिकवलाय हा सांधा. परशराम आज अंगणवाडीच्या खुर्च्या जोडाय बसणार हाय. लहान पोरं बसायची त्यावर. आधी त्याला थांबवतो. मग सुलभाकडं. मग बाकीचे.”

“फोन करा ना.”

“फोनवर सांगायची गोष्ट न्हवं ही.”

दुकान तसंच उघडं टाकून ते रस्त्याला लागले. पायात रबरी चपला, वर दुपारचं ऊन. वय सत्तरीच्या पुढचं.

निरंजन दारात उभा राहिला. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

त्याने खुर्ची चादरीत गुंडाळली आणि गाडीत मागे ठेवली.

वळणावर एसटीचा थांबा होता. मेस्त्री तिथे एकटेच उभे होते. गाडी दिसताच त्यांनी हात वर केला. निरंजनने क्षणभर वेग वाढवला... आणि मग ब्रेक दाबला.

“फाट्यापर्यंत सोडता का? दीडची गाडी आज आली न्हाई.”

मेस्त्री शेजारी येऊन बसले. मागे चादरीत खुर्ची. दोघांनी मागे पाहिलं नाही.

थोडं अंतर गेल्यावर मेस्त्री म्हणाले, “साहेब, एक विचारू? राग मानू नका.”

“विचारा.”

“तो चिरतो कसा, तेवढं नीट समजावून सांगा. परशराम विचारील. तो माझ्यावर आंधळा भरवसा ठेवतो, म्हणून त्याला कारण सांगायला पायजे. खाचेत शिरणारी कूस बारीक पडती का? का खाच उथळ?”

निरंजन रस्त्याकडे बघत होता.

“म्हणजे... वजन पडलं की...”

“व्हय.”

“दाब एका बाजूला...”

“कुठल्या?”

मेस्त्रींनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून त्याच्यासमोर धरली, सांध्यासारखी. बोटांची पेरं जाड झाली होती. डाव्या अंगठ्याचं टोक नव्हतं. शिकायला बसलेला माणूस जसा चेहरा करतो, तसा त्यांचा चेहरा होता.

“दाखवा की. कुठनं चिरतो?”

निरंजनने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.

“चाचा...”

मेस्त्रींची बोटं अजून गुंफलेलीच होती.

“चाचा, कुठूनच चिरत नाही. खुर्ची अस्सल आहे. शिक्का आहे खाली, मी बघितला. मी खोटं बोललो.”

“आणि सांधा?”

“इतका चांगला सांधा मी दुसरा पाहिला नाही.”

बोटं सुटली. हात मांडीवर पडले.

निरंजनला वाटलं, आता शिव्या येतील. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याचे कान तापले होते.

...

“गाडी वळवा,” मेस्त्री म्हणाले.

दुकान उघडं होतं तसंच होतं. निरंजनने चादर काढली, खुर्ची दोन्ही हातांवर उचलून आत नेली आणि पहिल्या जागी ठेवली. जमिनीवर तिच्या चार पायांचे ठसे धुळीत स्वच्छ उमटलेले होते. त्याने पाय बरोबर त्यांच्यावर टेकवले. हे करताना त्याने मान वर केली नाही.

“चाचा, ही आता विकू नका. मला तर नाहीच. किंमत मी लिहून देतो, कुणी तुम्हाला फसवायला नको.”

मेस्त्रींचं लक्ष नव्हतं.

ते खुर्चीसमोर जमिनीवर बसत होते. गुडघे वाकायला वेळ लागला. निरंजन हात द्यायला पुढे झाला, त्यांनी तो घेतला नाही. बसल्यावर त्यांनी सांध्यावर अंगठा ठेवला, हळूहळू फिरवला, जिथे एक लाकूड संपतं तिथून दुसरं सुरू होतं तिथपर्यंत.

मग त्यांनी दोन्ही हातांनी आपल्या कानांच्या पाळ्या धरल्या आणि खुर्चीपुढे मान खाली घातली.

निरंजन पाहत राहिला. बाहेरून एक ट्रक गेला, पत्रे थरथरले आणि थांबले. मेस्त्रींची मान वर झाली नाही.

“चाचा, असं नका करू,” तो कसाबसा म्हणाला. “खोटं मी बोललो. तुम्ही काय केलंत? इथे उभं राहायची मला लाज वाटतेय.”

मेस्त्रींनी कान सोडले नाहीत.

“जन्मभर हिनं शिकवलं, अन् तुमच्या एका शब्दावर मी हिला खोटी मानली. लाज तुम्हाला एकट्यालाच वाटती व्हय?”