भिंतीला दार

विटा बोलत असत, त्या काळची गोष्ट. शहराच्या कडेला एक हायस्कूल होतं. तिथल्या दोन वर्गांच्या मधे एक जाड भिंत उभी होती. शाळेचा नवा आराखडा झाला, तेव्हा इंजिनिअर म्हणाले, "मुलांच्या मधे भिंत कशाला?" भिंत पाडली आणि तिच्या विटा अंगणात रचून ठेवल्या.

दोन्ही वर्गांची गट्टी जमली. पण एकीकडे पाढे आणि दुसरीकडे कविता सुरू झाली, की कमी ऐकू येणाऱ्या शर्वाणीला काहीच उमगेना. एक दिवस ती विटांजवळ येऊन बसली. "उद्यापासून मी घरीच राहते," ती म्हणाली.

मुख्याध्यापिका कालिंदीबाई तिला शोधत आल्या. तेवढ्यात विटांच्या ढिगातून भिंत बोलली, "बाई, मला परत उभी करा."

"मग मुलं पुन्हा दुरावतील."

आजवर भिंतीला आपल्या अखंडपणाचाच अभिमान होता.

"मग माझ्यात एक दार ठेवा," ती म्हणाली.

भिंत उभी राहिली. शिकवताना दार लोटलेलं असे, सुट्टीत उघडं राही. शर्वाणी पुन्हा वर्गात बसू लागली. दाराच्या जागेच्या विटा उरल्या, त्यांचा बाईंनी अंगणात कट्टा बांधून घेतला.

त्या विटा भिंतीने कधी परत मागितल्या नाहीत.