शंभर टक्के समजलं

आमच्या अध्यापक विद्यालयात एकदा डॉ. खानविलकर नावाचे तज्ज्ञ बोलका फळा घेऊन आले. फळ्यापेक्षा त्यांचाच आवाज मोठा. हा फळा स्वतः पाठ शिकवायचा, शेवटी "समजलं का?" विचारायचा आणि मुलांची उत्तरं ऐकून टक्केवारी दाखवायचा.

विद्यालयाला जोडलेल्या शाळेतल्या पाचवीच्या वर्गावर त्यांनी 'वनस्पतींचे अन्न' हा पाठ लावला. शेवटी फळ्यानं विचारलं, "समजलं का?"

"होऽऽ!" वर्ग एका सुरात ओरडला. फळ्यावर हिरवे आकडे उमटले: शंभर टक्के.

"बघा!" खानविलकर प्राचार्यांना म्हणाले. "यंदापासून सराव पाठ बंद करा. तुमच्या या भावी शिक्षकांना वर्गात आता कामच काय उरलं?"

प्राचार्य मान डोलावू लागले, तशी मागे बसलेली छात्राध्यापिका रेवती धुमाळ उठली. "सर, मी एकच वाक्य शिकवू?"

"खुशाल!"

रेवती गंभीर चेहऱ्यानं मुलांना म्हणाली, "म्हणून दुपारी सगळी झाडं डबा खायला घरी जातात. समजलं का?"

"होऽऽ!"

फळा पुन्हा हिरवागार. शंभर टक्के!

"अरे, हो काय म्हणता?" खानविलकर मुलांवर खेकसले.

"त्यांच्यावर नका चिडू, सर," रेवती म्हणाली. "'समजलं का' विचारलं की 'हो' म्हणायचं, हे त्यांना पहिलीतच समजलंय. तुमच्या फळ्याला समजेपर्यंत आमचे सराव पाठ तेवढे चालू द्या."