भुरकोजीची पाठ

शुद्धलेखन चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत.

फार मागे एका चिंचेवर भुरकोजी नावाचा म्हातारा वानर राही. टोळीचं नायकपण गेल्यापासून त्याच्याकडे कुणी फिरकत नसे. वानरांची रीत अशी, की मनातलं बोलायचं ते एकमेकांच्या उवा वेचताना. त्यामुळे त्याचं बोलणंच खुंटलं होतं.

त्याच चिंचेवर झिपऱ्या नावाचा तरणा वानर आला. वयात आला म्हणून टोळीने त्याला हाकललं होतं. त्याच्यासारखेच दोन सोबती होते, पण त्यांच्यात नुसती टवाळी चाले. उवा कुणी कुणाच्या वेचत नसे.

एका संध्याकाळी भुरकोजी जवळ सरकला. "पोरा, पाठ खाजतेय रे. जरा बघतोस?"

झिपऱ्याचा हात पुढे झालाही होता. तेवढ्यात वरून सोबती खिदळले, "झिपऱ्याला आजोबा मिळाले रे!"

झिपऱ्याने हात मागे घेतला. "खोडाला घासा की, आजोबा."

"बरं बाबा," म्हणत भुरकोजी खोडाला पाठ घासू लागला.

सकाळी भुरकोजी चिंच सोडून निघून गेला होता. सोबतीही झिपऱ्याला न उठवताच चरायला गेले होते. झिपऱ्याची पाठ खाजू लागली, हात पोचेना. तो खोडापाशी गेला, तर सालीत पांढरे केस अडकलेले. ते एकेक वेचत तो मनातलं सांगू लागला. ऐकायला फक्त खोड होतं.