दोरीचा तिसरा शब्द

अवजारांना वाचा होती त्या काळची गोष्ट. गोठ्यावर झुकलेलं वाळकं जांभूळ लाकूडतोडे तुकड्यातुकड्याने उतरवत होते. गोठ्यात नुकतीच व्यायलेली गाय होती, आणि ती काही केल्या उठत नव्हती.

ओंडक्याला बांधलेली नवी दोरी वरच्या बेचक्यातून खाली आली होती. बुंध्याला आवळलेल्या लोखंडी नळ्याला वेढे घेऊन ती माणसांच्या हातात गेली होती. तिला दोनच शब्द ठाऊक होते, धर आणि सोड.

कर्रकन ओंडका सुटला. हिसक्याने दोरी ताठ झाली.

"नळेदादा, मी घट्ट धरते!"

"अगं वेडे, एकदम धरलंस तर तुटशील."

"मग सोडू?"

"खाली गाय आहे!"

"अहो, मग करू तरी काय?"

"घासत ये. माझ्या अंगावरून, हळूहळू."

"भाजतंय हो!"

"मलाही भाजतंय. तू ये."

रडत, चरचरत दोरी सरकत राहिली. कौलांच्या कडेने ओंडका अलगद जमिनीवर उतरला. गाय वासराला चाटत होती, तिने मानही वर केली नाही.

"का गं, थांबलीस?" ओंडका खेकसला. "खाली न्यायचंय ना मला?"

नळा म्हणाला, "पोचलास, बाबा."